शर्यतीपूर्वीचा व्यायाम आणि प्राणवायू

१९७६ साली माँट्रियल येथील ऑलिंपिक सामन्यांत ८०० मीटर धावण्याच्या अंतिम शर्यतीत भारताचे श्रीराम सिंग पहिल्या फेरीअखेर सर्वांच्या पुढे होते. शर्यत संपली तेव्हा त्यांचा क्रमांक सातवा आला. वेळ होती १ मिनिट ४५.७७ सेकंद. चौथ्या आलेल्या धावपटूत आणि त्यांच्यात अंतर होते ते केवळ अर्ध्या सेकंदाचे. जेथे निकाल इतक्या थोड्या अंतरावर अवलंबून असतो, तेथे शरीर प्राणवायूचा पुरेपूर उपयोग किती लवकर करू लागते, या गोष्टीला फार महत्त्व येते.

स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सुमारे पाव लिटर प्राणवायू पुरतो. वेगाने धावणाऱ्या कसलेल्या खेळाडूला चार ते पाच लिटर लागतो. ही गरज पहिल्या पावलालाच निर्माण होते. पुरवठा मात्र हळूहळू वाढतो. डेन्मार्कमधील क्रोग आणि लिंडहार्ड या शास्त्रज्ञांनी १९१३ सालीच हे दाखवून दिले होते. पुरवठा गरजेच्या जवळ पोहोचण्यास दोन-तीन मिनिटे लागतात. तोवर स्नायूंना उसनवारीवर भागवावे लागते. प्रथम त्यांच्यातील फॉस्फेटयुक्त द्रव्यांचा तुटपुंजा साठा खर्ची पडतो. त्याबरोबरच प्राणवायूवाचून साखरेचे विघटन होऊ लागते आणि स्नायूंतील आम्लता वाढते. ८०० मीटरची शर्यत दोन मिनिटांच्या आतबाहेर संपते. म्हणजे तिचा बराचसा भाग या उसनवारीच्या काळातच पार पडतो.

शर्यतीपूर्वी केलेल्या व्यायामाचा उपयोग येथेच होतो. व्यायामाने स्नायू तापतात, त्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात. उष्ण व किंचित आम्लयुक्त परिस्थितीत रक्तातील हीमोग्लोबिन आपल्याजवळचा प्राणवायू अधिक सहजपणे सोडते. परंतु हा सर्व प्रभाव केवळ उष्णतेचा आहे, असे समजणे बरोबर नाही. १९९६ साली जर्बिनो, वॉर्ड आणि व्हिप यांनी स्थिर सायकलवर प्रयोग केले. आधी जोरकस व्यायाम केला असता त्यानंतरच्या जोरकस व्यायामात प्राणवायूचा वापर अधिक त्वरेने वाढला. आधीचा व्यायाम हलका असता तसा फरक पडला नाही. नुसते बाहेरून पाय तापवूनही हा परिणाम साधत नाही, असे पुढे दिसून आले. रक्तपुरवठ्याप्रमाणेच स्नायुपेशींतील विकरेही आधीच्या श्रमाने जागृत होत असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

प्रत्यक्ष धावण्यातही याचा पडताळा आला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात धावपटूंनी एकदा नेहमीची पूर्वतयारी केली. दुसऱ्या वेळी तीत शर्यतीच्या वेगाने २०० मीटर धावण्याची भर घातली आणि वीस मिनिटांनी ८०० मीटर अंतर कापले. दुसऱ्या वेळी त्यांनी प्राणवायू अधिक वापरला आणि सरासरी वेळ सुमारे एका सेकंदाने कमी झाली.

मात्र या पूर्वश्रमानंतर विश्रांती आवश्यक आहे. ती अपुरी पडली, तर आधीच्या श्रमाचा शीण अंगात तसाच राहतो आणि लाभाऐवजी हानी होते. फार वेळ थांबल्यास मिळविलेला लाभही ओसरतो. पूर्वतयारीने शर्यतीची प्राणवायूची गरज कमी होत नाही. ती भागविताना घ्यावी लागणारी उसनवारी तेवढी कमी होते. तो वाचलेला साठा धावपटूच्या उपयोगी पडतो तो अखेरच्या शंभर मीटरांत.