शब्दामागून शब्द

मी ‘टेबल’ म्हणताच तुमच्या मनात पहिला शब्द कोणता उमटतो? बहुतेकजण ‘खुर्ची’ म्हणतील. ‘मासा’ म्हटले की मला मात्र घरच्या कोकणीतले ‘हुमण’च आठवते, त्याला इलाज नाही!

अशा शब्दसाहचर्यावर फ्रान्सिस गाल्टन यांनी इंग्लंडमध्ये स्वतःवरच प्रयोग केले व ते १८७९ साली प्रसिद्ध केले. पुढे झुरिचच्या बुर्गहोल्त्स्ली मनोरुग्णालयात कार्ल युंग हे तरुण डॉक्टर रुग्णांना एकेक शब्द ऐकवून, उत्तरास लागलेला वेळ सेकंदाच्या पाचव्या हिश्शापर्यंत मोजू लागले. तेथील प्रमुख ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव योजिले. आपण त्यास छिन्नमनस्कता म्हणतो. या नावावरून, एका देहात दोन माणसे नांदतात, असा समज पुष्कळांनी करून घेतला आहे. तो चुकीचा होय. विचारांना जोडणारे धागे सैल पडतात, असे ब्लॉयलर यांना म्हणावयाचे होते.

१९१० साली अमेरिकेत ग्रेस केंट व ॲरन रोझानॉफ यांनी शंभर शब्दांची एक यादी १,००० निरोगी माणसांना ऐकविली. ‘टेबल’ला २६७ जणांनी ‘खुर्ची’ हेच उत्तर दिले. नंतर तीच यादी निरनिराळ्या मनोविकारांच्या २४७ रुग्णांपुढे ठेवण्यात आली. कोणाशीच न जुळणारी उत्तरे निरोगी माणसांत शेकडा ६.८ निघाली, तर रुग्णांत २६.८. हा फरक मोठा खरा. परंतु मला त्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. रुग्णांचीही शेकडा सत्तर उत्तरे तुमच्याआमच्यासारखीच होती!

मग उरलेली उत्तरे निव्वळ अर्थशून्य समजावयाची काय? जर्मनीत मानफ्रेड स्पिट्झर व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. ‘लिंबू’ आणि ‘गोड’ यांत उघड नाते नाही. मध्ये ‘आंबट’ आहे. तो मधला शब्द न दाखविताही, विचार विस्कळीत झालेल्या रुग्णांना अशा जोडीतील दुसरा शब्द अधिक चटकन ओळखता आला. त्यांचे मन जणू एक पायरी गाळून पुढे गेले होते. पुढील सर्वच प्रयोगांत असे आढळले नाही, हेही सांगितले पाहिजे.

लहानपणी आमच्या वाड्यावर असेच तुटक बोलणारे एक गृहस्थ होते. आम्ही मुले हसत असू. त्यांच्या बहिणीस मात्र त्यांचे बरेचसे बोलणे उमगे. मधला गळालेला शब्द ती हलकेच पुरवी आणि ते मान डोलवीत.