घर पाहावे बांधून. पण कोणत्या पगारावर?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज म्हणत. या दोन्ही कामांत माणसाची कसोटी लागते, एवढाच त्यांचा आशय होता. ही दोन्ही कामे माणसाच्या हातून होतील की नाही, अशी शंका त्यांना कधी शिवली नव्हती. आज परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ती शंका रास्त ठरली आहे. इतकेच नव्हे, तर पहिले काम झाले नाही म्हणून दुसरेही अडून राहिल्याची उदाहरणे आमच्या बहुतेक वाचकांच्या आप्तेष्टांत सापडतील. मुलीचा बाप आता शेती किती हे विचारण्याआधी शहरात स्वतःचे घर आहे काय, हे विचारतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या लेकीने दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड पाठीवर घ्यावे, असे कोणत्या बापाला वाटेल?

या प्रश्नावर वडीलधाऱ्या मंडळींचे एक ठरलेले उत्तर असते. ‘आम्ही नाही का बांधली घरे? पोटाला चिमटा घेतला, दोन धोतरांवर वर्ष काढले आणि बांधली. आजच्या पोरांना हप्त्यावर मोबाईल हवा, हप्त्यावर मोटारसायकल हवी. घर कुठून होणार?’ या मंडळींच्या काटकसरीविषयी आम्हांला पूर्ण आदर आहे. परंतु त्यांनी घरे कशी बांधली, हे त्यांनीच एकदा आठवून पाहावे. 1972 साली येथे कृषी विद्यापीठ आले. त्याच सुमारास जायकवाडीच्या कामांमुळे पाटबंधारे खात्याच्या कचेऱ्या वाढल्या, शाळा-महाविद्यालये निघाली, आणि कायम नोकरीचा एक मोठा वर्ग या शहरात प्रथमच उभा राहिला. पंचविशीत नोकरी लागे; घरबांधणीसाठी सरकारी अग्रिम मिळे; भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढता येई; आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन आहे या भरवशावर हातातला पैसा मातीत घालण्याचे धैर्य होई. आधी दोन खोल्या आणि वर पत्रे, मग थोरलीच्या लग्नाआधी स्लॅब, मग धाकट्यासाठी माडी, अशी ती घरे वीस-वीस वर्षे वाढत गेली. काटकसर त्यांची होती हे खरे. पण पायाखालची जमीन सरकारी नोकरीची होती, हेही तितकेच खरे.

आजच्या तरुणाची जमीन पाहू. 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन लागू राहिले नाही, ही झाली नशीबवानांची गोष्ट. नोकरीच मिळवताना काय होते, ते शिक्षकी पेशावरून पाहावे. ज्या पेशात आमची उमेदीची वर्षे गेली, त्याचेच उदाहरण आम्ही घेतो. शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी 2017 साली झाली, ती त्यानंतर थेट 2023 साली. मधल्या काळात पदवी हाती घेतलेला मुलगा तिशीला टेकला. निवड झालीच तर पहिली तीन वर्षे तो शिक्षणसेवक. त्याचे मानधन 2023 पासून प्राथमिकला दरमहा 16,000 रुपये आणि माध्यमिकला 18,000 रुपये. ही वाढलेली रक्कम आहे; त्यापूर्वी प्राथमिकला ते 6,000 होते.

आता थोडे गणित करू. जागेसह लहानसे घर 25 लाखांत होते असे धरू. त्यापैकी 20 लाख बँकेने साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी दिले, तर दरमहा हप्ता येतो सुमारे 17,350 रुपये. म्हणजे प्राथमिकच्या शिक्षणसेवकाने एक घासही न खाता सगळे मानधन बँकेत नेऊन भरले, तरी साडेतेराशे रुपये कमी पडतात. मोबाईल विकून ही तूट किती महिने भरून निघेल, याचा हिशेब वडीलधाऱ्यांनीच करावा. वीस वर्षांत परतफेड होते ती साडेएकेचाळीस लाखांहून अधिक. शिवाय उरलेले 5 लाख पदरचे हवेत, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी मिळून तयार घराच्या खरेदीवर सुमारे पावणेदोन लाख वेगळेच. तीन वर्षांनी वेतनश्रेणी लागली की या शिक्षकाचे चित्र पालटते, हे आम्ही मान्य करतो. पण महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारा, कंत्राटदारामार्फत सरकारी कचेरीत बसणारा, मोंढ्यात हिशेब लिहिणारा, यांची तीन वर्षे कधी संपतच नाहीत. बँकेला पगारपत्रक लागते. त्यांच्यापाशी फक्त पगार असतो, तोही वेळेवर नसतो.

आमची मातीही या कामी मदत करत नाही. जी काळी कसदार जमीन कापूस-ज्वारी देते, तीच पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पाया मुरुमापर्यंत नेला नाही तर तिसऱ्या वर्षी भिंत उलते, आणि तो खर्च दोन खोल्यांच्या घरालाही चुकत नाही. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाने दगडमातीच्या माळवदांवरचा विश्वास उडवला. तेव्हापासून लोखंड-सिमेंटावाचून घर ही कल्पनाच कोणी करत नाही. सिमेंटवरचा कर 2025 च्या सप्टेंबरात 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

परंतु खरी अडचण सिमेंटची नाही, जागेची आहे. आणि जागेतही भावापेक्षा कागदाची. वसमत रस्ता, जिंतूर रस्ता, गंगाखेड रस्ता, कोणत्याही बाजूने शहराबाहेर पडा. रेखांकन करून, दगड रोवून ठेवलेले आणि वेड्या बाभळींनी भरलेले भूखंड दूरवर दिसतील. त्यांचे मालक घर बांधण्यासाठी थांबलेले नाहीत. भाव चढण्यासाठी थांबले आहेत. सोन्याच्या पेढीत ठेवावा तसा तेथे पैसा ठेवला आहे. ज्याला खरोखर राहावयाचे आहे तो त्या भावाला पुरा पडत नाही, म्हणून त्यापलीकडच्या शेतात जातो. तेथे त्याला एक गुंठा, म्हणजे 1,089 चौरस फूट जागा मिळते. अकृषिक परवानगी नसते, तुकडेबंदी कायद्यामुळे खरेदीखताची नोंदणी होत नाही, सातबारावर नाव चढत नाही. व्यवहार होतो मुद्रांक कागदावर, नोटरीसमोर. आपल्याकडे त्याला ‘बॉन्डवर घेतलेला प्लॉट’ म्हणतात. आयुष्याची शिल्लक या एका कागदात गुंडाळलेली असते.

या कागदावर बँक कर्ज देत नाही. आणि सरकारही मदत देत नाही, हे अधिक विचित्र आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत शहरातील गरिबाला स्वतःचे घर बांधण्यास केंद्र व राज्य मिळून अडीच लाखांचे साहाय्य मिळते. पण जागा त्याच्या नावाची असली पाहिजे. म्हणजे ज्याला मदतीची सर्वांत अधिक गरज, तोच कागदाअभावी दारातून परत जातो, आणि सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 साली झाला; 2021 च्या दुरुस्तीने 2020 अखेरपर्यंतचे भूखंड त्यात आले; 2025 च्या जुलैत शहरी भागातील एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांस तुकडेबंदीतून मोकळीक देण्याची घोषणा विधिमंडळात झाली. मुदत वाढवण्यात आपले राज्यकर्ते उदार आहेत. मोजणी, रस्त्याची रुंदी, विकास शुल्क आणि टेबलाटेबलावरची फेरी यांतून गेल्यावाचून मात्र घोषणेचा लाभ कोणाच्या पदरी पडत नाही.

मग या शहरात नवी घरे उभी राहतात ती कोणाची? बहुतांशी बापाची. कोणाचा बाप निवृत्त होताना फंड देतो. कोणाचा बाप मानवत-सेलूकडचे एकरभर रान विकतो आणि त्या पैशात मुलाला पुण्यात सदनिकेची पहिली रक्कम भरून देतो. उरलेला हप्ता मुलगा व सून दोघे मिळून वीस वर्षे भरतात, रान मात्र कायमचे जाते. ज्याच्या बापापाशी फंडही नाही आणि रानही नाही, त्याच्या कर्तृत्वाला या व्यवहारात स्थान नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असे निजामी अमदानीपासून या गावाविषयी म्हणत आले आहेत. कोठे जम बसला नाही तरी परभणीत भाकरी मिळेल, हा त्यातला दिलासा. भाकरी आजही मिळते. छपराचे तसे सांगता येत नाही.

प्रत्येकाने घर विकतच घेतले पाहिजे, असे आमचे म्हणणे नाही. तिशीच्या आतल्या माणसाने चांगल्या भाड्याच्या घरात राहून चार पैसे गाठीला बांधावे, यात कमीपणा कसला? परंतु आमच्याकडे भाडेकरूला अर्धा नागरिक समजतात. आडनाव विचारून खोली नाकारणारे सुशिक्षित घरमालक याच शहरात आहेत. ते आमचे वाचकही असतील.

राज्य सरकारने 2025 च्या मे महिन्यात नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले आणि 2030 पर्यंत 35 लाख घरांचा संकल्प सोडला. त्यातील परभणीच्या वाट्याला किती आणि कोणत्या गट क्रमांकावर, हे आमच्या लोकप्रतिनिधींनी विचारून घ्यावे. 2011 साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. नावाबरोबर काही जबाबदारीही आली असेल. मोकळ्या पडलेल्या भूखंडांवर चढत्या दराने कर बसवावा, आणि त्या उत्पन्नातून गुंठेवारी वस्त्यांत आधी नाल्या व रस्ते करावेत. नियमितीकरणाचे अर्ज किती आले, किती निकाली निघाले आणि किती कोणत्या त्रुटीसाठी पडून आहेत, याची प्रभागवार यादी दर महिन्याच्या पहिल्या तारखेस पालिकेच्या फलकावर लावावी. ती यादी आम्ही याच पानावर विनामूल्य छापू.