पॅरिसला न विचारता

'फॅशन वीक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस, मिलान, फार तर मुंबई उभी राहते. हडकुळ्या मुली, कुणी कधी घालणार नाही असे कपडे आणि पहिल्या रांगेत रात्रीही काळे चष्मे लावून बसलेली मंडळी. वीस वर्षं शिवणक्लास चालवलेल्या माझ्यासारखीचा या जगाशी संबंध येण्याचं काही कारणच नव्हतं. पण माझी भाची नोकरीनिमित्त दोन वर्षं सेनेगलच्या राजधानीत, डकारला होती. तिचे फोन, तिने पाठवलेले फोटो आणि मग कुतूहलाने मी स्वतः केलेलं वाचन, यांतून एका निराळ्याच फॅशन वीकची ओळख झाली.

डकार म्हणजे आफ्रिकेचं अगदी पश्चिमेचं टोक. १९६० पर्यंत इथे फ्रेंचांचं राज्य होतं. कारभाराची भाषा अजूनही फ्रेंच, घराघरातली वोलोफ. पण या शहराचा खरा राजा कोण, असं विचाराल तर मी म्हणेन शिंपी! इथे नवा कपडा म्हणजे आधी बाजारात जाऊन कापड निवडायचं आणि मग आपल्या ठरलेल्या शिंप्याकडे जायचं. गळा कसा, बाही केवढी, भरतकाम कुठवर, यावर घासाघीस करायची. बकरी ईदला तिकडे तबास्की म्हणतात. तबास्कीच्या आधी गल्लोगल्ली रात्रभर मशीनी चालतात आणि गिऱ्हाइकाला 'उद्या नक्की' हे उत्तर मिळतं. दिवाळीच्या तोंडावर आपल्याकडे जे ऐकू येतं, तेच. उद्याचा परवा करणं हा शिंप्यांचा जागतिक हक्क असावा.

या कापडाची कुळकथा मोठी मजेशीर आहे. ज्या भडक छापील कापडाला जग 'आफ्रिकन प्रिंट' म्हणून ओळखतं, ते मुळात जावा बेटावरच्या बाटिकची डच कारखानदारांनी यंत्रावर केलेली नक्कल. एकोणिसाव्या शतकात ते पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आलं आणि तिथलंच झालं. चकचकीत 'बाझँ' हे विणीतच नक्षी असलेलं सुती कापड. त्यातलं भारीतलं युरोपातून येतं. ते रंगवून, खळ देऊन लाकडी मोगरीने बडवतात, तेव्हा त्याला ती कडक चकाकी चढते. आणि त्याही आधीचं कापड तर आपल्याकडचं! पाँडिचेरीच्या परिसरात विणलेली, नीळ दिलेली सुती ठाणं फ्रेंच व्यापारी सेनेगल नदीकाठी नेत आणि त्या बदल्यात बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक घेत. युरोपातल्या गिरण्यांना कापडछपाईसाठी तो डिंक हवा असे. नदीकाठच्या व्यवहारात ही निळी ठाणं चक्क चलन म्हणून चालत.

त्याच नदीवरचं पोदोर हे डिंकाच्या व्यापाराचं जुनं ठाणं. तिथे १९५२ साली जन्मलेल्या उमू सी या बाई शिवणकामाचं रीतसर शिक्षण न घेता वेशभूषाकार झाल्या. जिब्रिल जोप माम्बेती यांच्या १९९२ च्या 'हायना' चित्रपटाची वेशभूषा त्यांची. भोपळ्याच्या तुंब्यांपासून संगणकाच्या चकत्यांपर्यंत काहीही त्यांच्या पोशाखात दिसतं. १९९७ मध्ये त्यांनी डकारमध्ये फॅशनचा आंतरराष्ट्रीय सप्ताह भरवला. पाच वर्षांनी, २००२ मध्ये, आदामा न्जाय या तरुणीने 'डकार फॅशन वीक' सुरू केला. ही मुत्सद्द्याची मुलगी, बँकेतली नोकरी सोडून कपड्यांकडे वळलेली. तिच्या लेबलचं नाव 'आदामा पॅरिस'! म्हणजे पॅरिस नावात आहेच. फक्त परवानगी मागायला कुणी तिथे जात नाही.

मोठ्या शहरांतल्या अशा सोहळ्यांना खरेदीदार आणि संपादक येतात. डकारलाही हॉटेलातले, निमंत्रितांचे कार्यक्रम असतात. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण काही वर्षी यातला एक शो साध्या वस्तीतल्या रस्त्यावर झाला. ना पास, ना तिकीट. दारात उभ्या बायका, भिंतीवर चढलेली पोरं. २०२० च्या डिसेंबरमध्ये, महामारीमुळे बंद सभागृह नको म्हणून, तो शहराबाहेर बाओबाबच्या झाडांमध्ये भरवला. त्या प्रचंड बुंध्यांपुढून चालणाऱ्या मुलींचे फोटो मी कितीदा पाहिले असतील!

पण मला सर्वांत मोठी वाटते ती २०१३ ची गोष्ट. कातडी उजळ करणाऱ्या मलमांचा वापर सेनेगलमध्ये पसरलेला होता. वोलोफमध्ये त्याला 'खेसल' असा शब्दच आहे. आदल्याच वर्षी अशा एका मलमाच्या जाहिरातफलकांवरून डकारमध्ये गदारोळ झाला होता. न्जायबाईंनी जाहीर केलं, की रंग उजळवणाऱ्या मॉडेलला आमच्या मंचावर जागा नाही.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या क्लासमधली एक मुलगी आठवली. कटिंगला तिच्याइतका स्वच्छ हात मी पाहिला नाही. दुसऱ्यांसाठी ती मोरपिशी, राणी रंगाचे ब्लाऊज शिवायची. स्वतःसाठी मात्र कायम राखाडी नाही तर फिकट बदामी. हळदी रंगाचं कापड तिच्या खांद्यावर धरलं की म्हणायची, "नको बाई, आमच्या रंगाला नाही खुलत." ती अठरा वर्षांची होती आणि हे तिला कुणीतरी शिकवलं होतं. आपल्याकडच्या त्या प्रसिद्ध क्रीमने नावातला 'फेअर' शब्द काढला तो २०२० मध्ये, म्हणजे डकारच्या बंदीनंतर सात वर्षांनी. भाचीने पाठवलेल्या फोटोंत माझ्या त्या विद्यार्थिनीहूनही सावळ्या बायका भर उन्हात पिवळ्याधमक बाझँमध्ये उभ्या आहेत. कसा खुलतो म्हणून सांगू तो रंग!

६ डिसेंबर २०२२ ला खुद्द शॅनेल डकारला आलं. जुन्या न्यायालयाच्या ओस पडलेल्या इमारतीत त्यांनी झगमगाटी शो केला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं, जणू फॅशन डकारमध्ये त्या दिवशी उतरली. त्याच महिन्यात डकार फॅशन वीक आपली विशी साजरी करत होता! शॅनेलने वाईट काही केलं नाही. २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या संग्रहालयात दोन्हीकडच्या भरतकाम-विणकामाचं प्रदर्शनही भरवलं. पण पाहुणा आला म्हणून घराला घरपण येतं का?

खरी चिंता वेगळीच आहे. युरोपात वापरून टाकलेले कपडे गठ्ठ्यांनी येतात आणि रस्त्यावर मातीमोलाने विकले जातात. त्या बाजाराचं वोलोफ नाव 'फेग जाय', म्हणजे झटका आणि विका. तयार सदरा असा मिळाल्यावर शिंप्याकडे कोण जाणार? शिवाय पश्चिम आफ्रिकेत कापूस भरपूर पिकतो, पण बहुतेक सगळा कच्चाच परदेशी जातो. हे वाक्य विदर्भातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. मंचावरच्या दिव्यांनी यातलं काही सुटत नाही.

काही हात मात्र या कामाला लागलेले आहेत. मांजाक विणकरांचा पारंपरिक माग वीतभर रुंदीचीच पट्टी विणतो. नक्षीचे धागे एक मदतनीस समोर बसून उचलत असतो, आणि अशा सहा पट्ट्या जोडाव्यात तेव्हा एक वस्त्र होतं. डकारच्या आयसा दिओन यांनी हे माग रुंद करवून घेतले आणि पडदे-सोफ्यांना पुरेल एवढ्या पन्ह्याचं कापड तिथल्याच विणकरांकडून विणून घेतलं. पॅरिसचे गृहसजावटकार ते त्यांच्याकडून मागवत आले आहेत.