‘अंमल’ आणि अपराध

मद्यप्राशनाचा परिणाम सांगताना मराठीत ‘अंमल’ हा शब्द योजला जातो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ कृती किंवा कार्य असा आहे. मराठीत तो राज्यसत्ता या अर्थी रूढ झाला आणि नशेलाही लागू झाला. ‘दारूच्या अमलाखाली त्याने कुऱ्हाड मारली’ या वाक्याचा कर्ता ‘तो’ असला, तरी सत्ता दारूची होती असे भाषा सुचवून जाते. जळगाव किंवा धुळे येथील सत्र न्यायालयात असे वाक्य साक्षीत येते, तेव्हा या सूचनेला कायद्यात कितपत स्थान आहे, हा प्रश्न केवळ कोशकाराचा राहत नाही. आरोपीला जन्मठेप होणार की मुदतीची शिक्षा, हे काही वेळा त्यावर ठरते.

मराठी व्याकरण येथे तीन वाटा देते. ‘तो दारू प्याला’ यात कर्तेपण माणसाकडे आहे. ‘त्याला दारू चढली’ यात ते दारूकडे जाते. ‘त्याला दारू पाजली’ या प्रयोजक रचनेत तिसराच कोणी उभा राहतो. कायद्याचा पहिला प्रश्न नेमका हाच आहे. भारतीय दंडसंहितेच्या (1860) कलम 85 नुसार, म्हणजे 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 23 नुसार, नशा आणणारी वस्तू आरोपीच्या नकळत किंवा इच्छेविरुद्ध दिली गेली असेल, आणि त्यामुळे आपल्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते गैर अथवा बेकायदेशीर आहे हे, कळण्याची पात्रताच त्याच्या ठायी उरली नसेल, तर अपराध घडत नाही. ‘चढली’ एवढ्याने काहीच साधत नाही.

‘पाजणे’ हे क्रियापद मात्र कायद्याहून फार सैल आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा समाजांत मोहाची दारू लग्नकार्यात, सणात आणि देवकार्यात असते. तेथे पाहुण्याला ‘पाजणे’ म्हणजे आदर करणे होय. आग्रहाला मान देऊन प्यालेली दारू इच्छेविरुद्ध प्यालेली ठरत नाही. मराठीत दोहोंना एकच क्रियापद पुरते, कायद्याला पुरत नाही. (या समाजांना दारूचे आंधळे कौतुक आहे, असा समज येथे कोणी करून घेऊ नये. त्या वेळी धुळे जिल्ह्यात असलेल्या शहादे तालुक्यात 1972–73 च्या सुमारास दारूची मडकी फोडली, ती आदिवासी स्त्रियांनीच.)

खरा अवघड भाग पुढे आहे. जो स्वेच्छेने प्याला, त्याच्या मनाचे काय? येथे कलम 86 ची, आताच्या कलम 24 ची, शब्दयोजना लक्षपूर्वक वाचली पाहिजे. विशिष्ट ज्ञान किंवा उद्देश असल्यावाचून जे कृत्य अपराध होत नाही, अशा कृत्यांविषयी ते कलम आहे. आरंभी दोन्ही शब्द येतात. पण नशेतील मनुष्याला शुद्धीत असताना जे ‘ज्ञान’ असते तेच होते असे मानावे, एवढेच पुढे सांगितले आहे. ‘उद्देश’ हा शब्द उत्तरार्धात गळला आहे. हे मौन बुद्ध्याच राखले असावे असे समजणेच सयुक्तिक ठरते.

इंग्लंडमध्ये ही रेषा वेगळ्या ठिकाणी ओढली गेली. जुन्या इंग्रजी विचारात नशा हा अपराध वाढविणारा दोष होता. 1920 च्या बेअर्ड खटल्यात लॉर्ड बर्कनहेड यांनी, नशेमुळे विशिष्ट उद्देश धारण करण्याची पात्रता नसल्यास खुनाचा आरोप टिकत नाही, असे प्रतिपादिले. 1976 च्या मजेव्स्की खटल्यात, ज्या अपराधांना तसा विशिष्ट उद्देश लागत नाही त्यांना स्वेच्छेच्या नशेचा बचाव नाही, हे पक्के झाले. तेथे विभागणी अपराधांच्या प्रकारांची झाली. भारतीय संहितेत ती ज्ञान आणि उद्देश या मनोव्यापारांची आहे.

तिचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1956 च्या बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य या निर्णयात लावला. लग्नाच्या मेजवानीत, थोडे बाजूला सरक असे सांगूनही एक मुलगा हलला नाही म्हणून एका निवृत्त जमादाराने पिस्तूल झाडले, मुलगा दगावला. न्यायमूर्ती चंद्रशेखर अय्यर यांच्या मते ज्ञान गृहीत धरावयाचे, उद्देश मात्र नशेची मात्रा धरून सर्व परिस्थितीवरून ठरवावयाचा. आरोपीचा झोक जात होता, बोलणे मधूनच असंबद्ध होत होते; तथापि तो स्वतंत्रपणे हिंडत-फिरत होता, बोलतही होता. खुनाची शिक्षा कायम राहिली.

उद्देश वगळून केवळ ज्ञानावर किती भार पडतो, हे मुंबईच्या परेरा खटल्यावरून कळते. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रस्त्यावर मद्यप्राशन केलेल्या चालकाची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण मरण पावले. कोणाला मारण्याचा उद्देश नव्हता. सत्र न्यायालयाने हा निष्काळजीपणा मानला होता. उच्च न्यायालयाने 2007 मध्ये मृत्यूच्या संभवाचे ज्ञान मानून सदोष मनुष्यवधाच्या कलम 304 च्या दुसऱ्या भागाखाली तीन वर्षांची शिक्षा दिली, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

आता खानदेशातील साक्षीकडे पुन्हा पाहावे. साक्षीदार अहिराणीत वा भिल्लीत बोलतो, नोंद मराठीत होते, आणि तीत ‘आरोपी शुद्धीत नव्हता’ असे वाक्य उतरते. झोक जाणारा, बरळणारा, माणसे न ओळखणारा आणि निश्चेष्ट पडलेला, हे चौघेही या एका वाक्यात मावतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांत महदंतर आहे. आरोपी चालत कोठून कोठे गेला, कोणाला नावाने हाक मारली, कुऱ्हाड हातात होती की घरातून आणली, हे साक्षीदाराने सांगितले असेल, तर ते त्याच्याच क्रियापदांत नोंदले जावयास हवे.