नोंदवहीतला तंबोरा

निपाणीच्या बाजूस एका संस्थेने हौसेने जमविलेला जुन्या वस्तूंचा संग्रह आहे. त्यातील एका काचेच्या कपाटात आमच्या वडिलांचा तंबोरा उभा आहे. १९४९ साली संस्थान विलीन झाले, त्याआधीच्या अखेरच्या वर्षांत वडील पोरवयात हाच तंबोरा घेऊन दरबारी साथीस बसत. कपाटावरील चिठ्ठी मात्र एवढेच सांगते : 'जुने तंतुवाद्य. लाकूड व भोपळा.'

या संग्रहाचे एक संकेतस्थळ पूर्वी होते. ज्या गृहस्थाने ते उभारले त्याने धंदा बंद केला आणि एका रात्रीत सारे नाहीसे झाले. वस्तूंची वर्णने तेथेच लिहिलेली. कागदावर प्रत नाही. आता नव्याने मांडणी करावयाची, तर कोणती प्रणाली घ्यावी, हे ठरविण्यासाठी बैठक भरली. वाद्यांची नावे ठाऊक असलेला माणूस म्हणून मलाही बोलावणे आले. संगणकातले मला फारसे कळत नाही, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे.

तरुण मंडळींचा ओढा वर्डप्रेसकडे होता. २००३ सालापासून ती चालू आहे, फुकट आहे, आणि अडले तर दुरुस्त करणारा मुलगा कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतो. हा फायदा लहान नव्हे. परंतु वर्डप्रेस मुळात जाणते ते लेख आणि पाने. तंबोरा म्हणजे लेख नव्हे. त्याला दाखल क्रमांक हवा, मापे हवीत, घडविणारा कोण, देणारा कोण, आजची अवस्था काय, हे रकाने हवेत. जोडण्या बसवून ते वर्डप्रेसमध्येही साधते. पण मग त्या जोडण्यांची निगा कोणी राखावयाची?

पुण्याच्या सी-डॅकने 'जतन' नावाची प्रणाली घडविली आहे. राष्ट्रीय संग्रहालयांच्या वस्तू जेथे एकत्र पाहावयास मिळतात त्या शासकीय संकेतस्थळामागे तीच आहे. नाव तर किती समर्पक! पण तिचा घाट मोठ्या सरकारी संग्रहालयांचा. आमच्याकडे पगारी माणूस एकच, तोही अर्धवेळ. शेवटी गाडी ओमेकावर आली. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातील इतिहासकारांनी ती २००८ साली प्रथम बाहेर आणली. नाव स्वाहिली भाषेतले. माल मांडून ठेवणे, असा त्याचा अर्थ. तिचे रकाने 'डब्लिन कोअर' या पंधरा कलमांच्या पद्धतीवर बेतलेले आहेत. हे डब्लिन आयर्लंडचे नव्हे, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातले. १९९५ साली तेथे भरलेल्या बैठकीत या पद्धतीचा पाया घातला गेला.

खरी खडाजंगी मात्र नावांवरून झाली. आम्ही तंबोरा म्हणतो, उत्तरेकडचे तानपुरा म्हणतात, कानडीत तंबूरि. चिकोडीच्या शाळेतली मुलगी कानडीत शोधील, तिला वस्तू सापडू नये काय? आणि गावाच्या रकान्यात काय लिहावयाचे? निपाणी १९५६ च्या १ नोव्हेंबरपूर्वी मुंबई राज्यात, नंतर म्हैसूर राज्यात, १९७३ पासून त्याच राज्याचे नाव कर्नाटक. बेळगावचे सरकारी नाव २०१४ साली बेळगावी झाले. एका वृद्ध सभासदांनी टेबलावर हात आपटून सांगितले, "बेळगावच लिहा, दुसरे चालणार नाही." समोर बसलेले कानडी शिक्षक म्हणाले, "अण्णा, मीही घरी बेळगावच म्हणतो, पण माझे विद्यार्थी काय टंकतील?" चहा निवला तरी कोणी पेला उचलला नाही.

वाट प्रणालीतच होती. ओमेका एसमध्ये एका रकान्यात कितीही नावे भरता येतात आणि प्रत्येकापुढे भाषेची खूण ठेवता येते. तेव्हा मूळ कागदावर जे नाव असेल ते जसेच्या तसे, सालासह. बाकीची त्याच्या जोडीला. अण्णा काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कागदावरचे पहिले ठेवा." तेवढ्यावर मिटले.

दोन अटी मी धरून बसलो. संकेतस्थळाचे नाव संस्थेच्याच मालकीचे असावे, आणि दर महिन्यास सर्व नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढून निराळ्या जागी ठेवाव्यात. २०२३ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकी हल्ला झाला, तेव्हा तिची ग्रंथसूची काही महिने बंद पडली होती. तिथे ही गत, तर आपली काय कथा! जुन्या टंकलिखित याद्यांचे दुखणे वेगळेच. युनिकोडपूर्वीच्या फाँटमधील तो मजकूर आज उघडला की अक्षरांचा नुसता काला दिसतो. तो पुन्हा टंकावा लागणार.

पहिली नोंद तंबोऱ्याचीच करावयाची ठरली. कपाटातून काढला, तेव्हा जवारी झिजलेली, दोरे गळालेले, एक तार तुटलेली. घडविण्याचे ठिकाण मिरज, हे वडिलांच्या तोंडून ऐकलेले. कारागिराचे नाव ठाऊक नाही, तो रकाना रिकामा ठेवला. टंकणाऱ्या मुलीने विचारले, "सर, हा वाजतो का?" तसा रकाना तिच्यापुढे नव्हता. तिने तो वाढविला, आणि शेजारी ध्वनिमुद्रणाची फाइल जोडण्याची जागाही केली. दोन्ही जोड आणि खर्ज मी लावून ठेवले आहेत. पंचमाची तार तेवढी मिरजेहून यावयाची आहे.