वडिलांच्या शाळेची विद्यार्थिनी

मुलींना शिकवून काय करायचे, असा प्रश्न घरोघरी विचारला जात होता, त्या काळात चीनमध्ये शांघायजवळच्या लिऊहे गावी वू झोंगयी यांनी मुलींसाठी शाळा काढली. ३१ मे १९१२ रोजी जन्मलेली त्यांची कन्या चिएन-शिउंग याच शाळेत शिकू लागली. पुढे नानजिंगच्या विद्यापीठातून पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन १९३६ मध्ये ती जहाजाने अमेरिकेला निघाली. निरोप देणाऱ्या आईवडिलांची ती अखेरची भेट ठरली.

बर्कले येथे १९४० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या प्रक्रियेचा त्यांचा अभ्यास इतका काटेकोर होता, की शंकेच्या वेळी शास्त्रज्ञ त्यांच्याकडे वळत.

निसर्ग डावे-उजवे असा भेद करीत नाही, ही तेव्हाच्या विज्ञानाची दृढ श्रद्धा होती. १९५६ मध्ये ली आणि यांग या दोन चिनी शास्त्रज्ञांनी अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्यासारख्या प्रक्रियांत या श्रद्धेला पुरावाच नसल्याचे दाखवून दिले. त्या वर्षी पतीसह पूर्वेकडील प्रवासाला जाण्याचे वू यांनी ठरविले होते. मायदेश सोडून वीस वर्षे झाली होती. तरीही पतीला एकट्याने पाठवून त्या प्रयोगासाठी मागे राहिल्या.

वॉशिंग्टन येथे सहकाऱ्यांसह त्यांनी किरणोत्सारी कोबाल्ट निरपेक्ष शून्याच्या जवळपास थंड केले आणि त्याची अणुकेंद्रे चुंबकाच्या साहाय्याने एका दिशेत वळविली. इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना सारखे निघाले नाहीत. एका बाजूला अधिक निघाले. जानेवारी १९५७ मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला. निसर्ग भेद करतो, हे सिद्ध झाले.

त्याच वर्षीचे नोबेल पारितोषिक ली आणि यांग यांना मिळाले; प्रयोग करणाऱ्या वू यांचे नाव त्यात नव्हते. त्या मात्र प्रयोगशाळेत काम करीत राहिल्या. १९७५ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या. पदार्थविज्ञानाचे पहिले वुल्फ पारितोषिक १९७८ मध्ये त्यांनाच लाभले. विज्ञानात स्त्रियांना समान संधी मिळावी, असे त्या ठामपणे सांगत.

१९७३ मध्ये त्या मायदेशी परतल्या, तेव्हा आईवडील हयात नव्हते. १६ फेब्रुवारी १९९७ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा रक्षाकलश मात्र लिऊहेला आणून वडिलांच्या त्याच शाळेच्या अंगणात विसावला. ज्या दारातून एक मुलगी जगाकडे निघाली, तेथेच ती अखेर परतली.