बंद पडलेला कीबोर्ड उघडताना

सांगली–इस्लामपूर रस्त्यावरील आष्टा येथील एका शाळेत आम्ही विज्ञानप्रयोगांच्या निमित्ताने गेलो होतो. प्रयोग आटोपल्यावर तिथल्या विज्ञानशिक्षकांनी कपाटातून एक लहान इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड काढून आमच्यापुढे ठेवला. १९८० च्या दशकातला, ३२ पट्ट्यांचा, सेलवर चालणारा. कोणा पालकाने शाळेला भेट दिलेला. रोजच्या परिपाठात प्रार्थनेला तो वाजत असे. आता त्यातील चार पट्ट्या मुक्या झाल्या होत्या.

"सर, उघडून पाहिलात का?" आम्ही विचारले.

"कसा उघडणार? जडवस्तू नोंदवहीत त्याची नोंद आहे. आणखी बिघडला तर कोणाच्या नावावर घालायचा?"

संगीताच्या बाईंची तक्रार वेगळीच होती. त्यांची बोटे पांढरी एकवरूनच सफाईने चालत, पण मुलांच्या आवाजाला ती पट्टी खाली पडे. काळी दोन असती तर सर्वांना मोकळेपणाने गाता आले असते. हे दोन्ही प्रश्न सोडवायला आम्हाला आठवी-नववीच्या मुलांची मदत झाली. त्या दोन दुपारींत जे हाती लागले ते कोणत्याही शाळेत उपयोगी पडेल, म्हणून इथे देत आहोत.

चार मुक्या पट्ट्या

पहिले काम स्क्रू ड्रायव्हरचे नव्हते, वही-पेन्सिलीचे होते. काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्यांना डावीकडून १ ते ३२ क्रमांक द्या आणि न वाजणाऱ्या पट्ट्या लिहा, असे आम्ही मुलांना सांगितले. उत्तर आले: ३, ११, १९, २७. एका मुलीने लगेच सांगितले, "ही तर अंकगणिती श्रेढी आहे. फरक ८."

पट्ट्या झिजून खराब झाल्या असत्या, तर त्या अशा नेमक्या अंतरावर कशाला झाल्या असत्या? म्हणजे दोष पट्ट्यांत नसून त्यांना जोडणाऱ्या एखाद्या सामाईक भागात असला पाहिजे.

३२ पट्ट्यांसाठी ३२ वेगळ्या तारा ओढणे महाग पडते. म्हणून पट्ट्यांची जोडणी वर्गातील बाकांसारखी करतात. तिसऱ्या रांगेतला दुसरा बाक, एवढे सांगितले की विद्यार्थी सापडतो. तशा ८ उभ्या आणि ४ आडव्या रेषा घेतल्या की त्यांचे ३२ छेदनबिंदू होतात. प्रत्येक छेदनबिंदूवर एक पट्टी. तारा लागतात फक्त १२. आतील चिप आठ उभ्या रेषांवर एकामागून एक विद्युतस्पंद पाठवते आणि तो चारपैकी कोणत्या आडव्या रेषेवर परत येतो ते पाहते. ही हजेरी सेकंदाला अनेक वेळा होते. आपले बोट पट्टीवर पडते आणि स्वर उमटतो, या दरम्यानचा वेळ म्हणून जाणवत नाही.

३, ११, १९, २७ या चारही पट्ट्या तिसऱ्या उभ्या रेषेवर येतात. म्हणजे एकच रेषा तुटली होती. वाद्य उघडण्याआधीच दोषाची जागा कळली होती!

मागचे स्क्रू काढल्यावर कारणही दिसले. उन्हाळ्याच्या सुट्टीत सेल आतच राहून गळले होते. साध्या झिंक-कार्बन सेलमध्ये झिंक क्लोराइड किंवा अमोनियम क्लोराइडचा ओलसर लगदा असतो, तर अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड. दोन्ही तांब्याला घातक. सर्किटच्या पाटीवरील तांब्याची एक बारीक रेघ हिरवी पडून मधेच खाल्ली गेली होती. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने ती जागा पुसली, तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे तांबे हलकेच खरवडले, वायरीतील एक बारीक तंतू त्यावर पूल म्हणून ठेवून सोल्डर केला. चारही पट्ट्या बोलू लागल्या.

(एखादीच पट्टी मुकी असेल तर दोष बहुधा पट्टीखालच्या रबरी बटणाचा असतो. त्याच्या तळाशी कार्बनचा काळा ठिपका असतो, तो पाटीवर टेकला की संपर्क होतो. धूळ साचली की संपर्क होत नाही. स्पिरिटने पुसणे पुरेसे ठरते.)

स्वर कुठून येतो?

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. हार्मोनियममध्ये प्रत्येक स्वराला स्वतंत्र पितळी पात असते, सतारीत स्वतंत्र पडदा. या कीबोर्डात मात्र स्वरागणिक वेगळा भाग शोधून सापडत नाही. सर्व स्वर एकाच घड्याळातून काढलेले असतात.

घड्याळ म्हणजे ठरावीक गतीने विद्युतस्पंद देणारे मंडल. चिप हे स्पंद मोजते आणि ठरावीक संख्या झाली की ध्वनीची एक लहर पुरी करते. १९७० च्या दशकातील इलेक्ट्रॉनिक ऑर्गनमध्ये एका प्रसिद्ध चिपला सेकंदाला सुमारे २० लाख स्पंद देत. ती त्यांना या संख्यांनी भागे: ४७८, ४५१, ४२६, ४०२, ३७९, ३५८, ३३८, ३१९, ३०१, २८४, २६८, २५३, २३९. पहिली संख्या सा धरली, तर शेवटची तार सा. ४७८ ही २३९ ची बरोबर दुप्पट आहे. बाकीचे खालचे स्वर पुन्हा पुन्हा दोनाने भागून मिळत. लहान कीबोर्डांत पुढे हे सगळे एकाच चिपमध्ये गेले आणि मोजण्याच्या रीतीही बदलल्या, पण एका घड्याळावरून सर्व स्वर काढण्याचे तत्त्व राहिले.

या संख्या फळ्यावर लिहून मुलांना भागाकार करायला सांगावे. सा आणि पंचम: ४७८ ÷ ३१९ = १.४९८. शुद्ध पंचमाचे गुणोत्तर १.५, म्हणजे जवळजवळ बरोबर. सा आणि गंधार: ४७८ ÷ ३७९ = १.२६१. तंबोऱ्याच्या तारेतून ऐकू येणाऱ्या गंधाराचे गुणोत्तर १.२५. म्हणजे हा गंधार चढा आहे. सप्तकाचे बारा समान भाग केल्याची ही किंमत. पट्टीच्या वाद्यांच्या अशा पक्क्या, न हलणाऱ्या स्वरांवर आपल्याकडे मोठा वाद झाला आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पासून शिथिल होऊ लागली. त्या वादाचा एक धागा या साध्या भागाकारात सापडतो.

ओल्या बोटाचा प्रयोग

सर्व स्वर एका घड्याळातून येत असतील, तर घड्याळाची गती बदलली की सर्व स्वर एकदम चढतील किंवा उतरतील. भाजक संख्या त्याच राहिल्याने स्वरांमधील गुणोत्तरे मात्र बदलणार नाहीत. बाईंना हवे होते ते नेमके हेच.

आमच्या वाद्यात घड्याळाची गती एक रोध आणि एक कपॅसिटर मिळून ठरवत होते. तो रोध कोणता, हे शोधण्यासाठी कीबोर्ड सेलवर चालू ठेवला, एक पट्टी दाबून धरली आणि ओलसर बोट चिपजवळच्या रोधांवर एकेक करून टेकवले. एका जागी स्वर चटकन वर गेला. तोच तो रोध, ६८ किलोओहमचा. आपल्या त्वचेचा रोध त्याला समांतर जोडला जातो, एकूण रोध घटतो आणि घड्याळ जलद चालते. बोटाचा रोध ६८० किलोओहम धरला, तर समांतर जोडणीचा रोध ६१.८ किलोओहम येतो आणि स्वर १.१ पट वर जातो. समांतर रोधांचे सूत्र पुस्तकात सगळेच शिकतात. ते कानाने ऐकण्याची संधी क्वचित मिळते.

मग आम्ही तो रोध काढून त्याजागी ४७ किलोओहमचा एक स्थिर रोध आणि त्याला एकसरीत ४७ किलोओहमचा फिरवायचा रोध (रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तसा) जोडला. एकूण रोध आता ४७ ते ९४ किलोओहम, म्हणजे एका सप्तकाची मोकळीक. पांढरी एकपासून काळी दोन तीन अर्धस्वर वर. त्यासाठी वारंवारिता १.१८९ पट हवी, म्हणून रोध ६८ ÷ १.१८९, म्हणजे सुमारे ५७ किलोओहम. बटण तिथे आणून खूण केली. बाईंनी पांढरी एकवर बोटे ठेवली आणि काळी दोनमध्ये प्रार्थना झाली.

एक गोष्ट मुलांच्याच लक्षात आली. कीबोर्डातला तालही जलद झाला होता! ताल त्याच घड्याळावर चालतो. पूर्वी ग्रामोफोनची तबकडी जोरात फिरवली की गाणे चढ्या आणि घाईच्या आवाजात ऐकू येई, तसेच हे. गंधार मात्र जितका चढा होता तितकाच राहिला.

खोडी की विज्ञान?

स्वस्त वाद्यांच्या आतल्या जोडण्या बदलून नवे आवाज काढण्याच्या या छंदाला सर्किट बेंडिंग म्हणतात. अमेरिकेतील रीड घझाला यांच्या टेबलाच्या खणात १९६० च्या दशकात एका खेळण्यातल्या अॅम्प्लिफायरचे उघडे सर्किट धातूच्या वस्तूला टेकले आणि त्यातून चमत्कारिक आवाज येऊ लागले. तेव्हापासून त्यांनी हा प्रकार जोपासला. १९९२ मध्ये त्यांनी त्याला हे नाव दिले.

आपल्याला हे फार परके वाटू नये. आष्ट्याहून जवळच असलेल्या मिरजेत सतार-तंबोरे घडवणारे कारागीर जवारी काढताना घोडी कणाकणाने घासतात, तार छेडतात, ऐकतात, पुन्हा घासतात. हातात मोजपट्टी नसते, कान असतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एक बदल करायचा, परिणाम ऐकायचा, मग पुढचा बदल करायचा, ही पद्धत तिथलीही आणि आपल्या प्रयोगाचीही.

काळजी

१. वाद्य फक्त सेलवर चालवावे. अॅडॉप्टर जोडून किंवा थेट विजेवर चालणारे वाद्य मुलांना कधीही उघडू देऊ नये.
२. सेलची दोन टोके आणि स्पीकरच्या तारा यांना इतर कशाशी जोडू नये. चिप जळते.
३. फिरवायच्या रोधाबरोबर स्थिर रोध ठेवावाच. एकूण रोध शून्याकडे गेला की घड्याळ आवाक्याबाहेर पळते.
४. काही वाद्यांत घड्याळाला स्फटिक असतो. तिथे ही युक्ती चालत नाही.
५. सोल्डरमध्ये शिसे असू शकते. काम झाल्यावर हात धुवावेत.
६. सुट्टीआधी सेल काढून ठेवावेत.

तुमच्या शाळेच्या कपाटातही असे एखादे वाद्य किंवा बोलके खेळणे पडून असेल. निर्लेखनाचा कागद करण्यापूर्वी, मुख्याध्यापकांच्या संमतीने, ते एक दुपार मुलांच्या हाती द्या. आधी फक्त काय चालत नाही याची यादी करायला सांगा. ती यादी म्हणजेच वाद्याच्या आतल्या रचनेचा नकाशा असतो. आष्ट्याच्या शाळेतील सरांनी नोंदवहीत कीबोर्डापुढे आता दोनच शब्द लिहिले आहेत: 'चालू स्थितीत'.